पिवळ्या चौकटीची लेखिका

रेलीन पायबसचं लिखाण त्या सगळ्या किनाऱ्यावर जेवढ्या माणसांच्या डोळ्यांपुढून जायचं, तेवढं तिथलं वर्तमानपत्रही जात नसे. शिवाय वर्तमानपत्र निदान मासळी गुंडाळायला तरी कामी यायचं. रेलीनचं लिखाण समोर आलं, की माणसं आधी ते घालवायचं कसं हे शोधत.

ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. उमेदीची वर्षं तिने वर, औषधांच्या खिडकीत काढली. मग कॉम्प्युटर आले, डॉक्टरांची कोंबडीच्या पायाची अक्षरं गेली आणि रेलीनला खाली पाठवण्यात आलं. काम असं, की डॉक्टर पडद्यावर औषध लिहितो, आणि पेशंट आधीच घेत असलेल्या एखाद्या औषधाशी त्याचं पटणारं नसलं, तर पडद्याच्या मधोमध एक पिवळी चौकट उगवते. लग्न जुळवताना गावातली एखादी जाणती बाई हळूच कानाशी लागते ना, "बघा हो, त्या दोन घराण्यांचं पूर्वीपासून वाकडं आहे," तसंच. त्या चौकटीतलं वाक्य रेलीनचं असायचं.

तिची खोली धोबीखाना आणि बॉयलर यांच्या मधोमध होती. एका बाजूने चादरींचा वाफाळ वास, दुसऱ्या बाजूने घरघर. खिडकी होती, पण ती बाहेरच्या जमिनीला टेकलेली. तिच्यातून दिसायचे फक्त पाय, आणि अधूनमधून एखादा सीगल पक्षी. तो आत डोकावायचा, इथे चिप्स नाहीत असं कळलं की निघून जायचा. इतक्या वर्षांत रेलीन डॉक्टरांना बुटांवरून ओळखायला लागली होती. हाडांच्या डॉक्टरांचे बूट दरवेळी नवे. मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या बुटांवर रंगीत फुलं. फर्गस नेटलफोल्डच्या बुटांना कायम कुत्र्याचे केस. फर्गस म्हणजे वरच्या वॉर्डांचा मोठा डॉक्टर. तो नुसता दारातून आत आला, तरी पेशंटला निम्मं बरं वाटायचं.

लिन्डसे होता तोवर संध्याकाळ बरी जायची. लिन्डसे तिचा नवरा. बंदरावर क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसून आल्यामुळे घरी आल्यावर त्याला कुणाचं तरी ऐकायची भूक असे. रेलीनला बोलायची. संसार छान चालला होता. घरभर ती चिठ्ठ्या लावून ठेवायची, पायरी ओली आहे, दूध नासलंय, मागचं दार ओढून घे. लिन्डसेने त्यातली एकही कधी वाचली नाही. "तू सांगशीलच की तोंडाने," तो म्हणायचा. आणि ती सांगायचीच.

तो गेल्याला काही हिवाळे झाले होते, पण रेलीनच्या हाताला माप दोघांचंच येत होतं. मटणाचा रस्सा करायचा, अर्धा खायचा, अर्धा डब्यात भरून फ्रीजरमध्ये. डब्यावर चिठ्ठी : 'मटण. मीठ कमी. एकदा काढल्यावर परत गोठवू नये.' फ्रीजर भरला तेव्हा तिने दुसरा घेतला. तो आत नेणारा माणूस म्हणाला, "बाई, घरात माणसं किती?" ती म्हणाली, "येऊन जाऊन असतात." खोटं बोलल्याचं तिला दिवसभर वाईट वाटलं, पण दुसरं काय सांगणार?

तर तिचे वाचक. पिवळी चौकट बंद करायची, तर डॉक्टरला खाली एक कारण लिहावं लागे. निदान दोन अक्षरं पडल्याशिवाय चौकट हलत नसे. पेशंटला हे औषध का देतोय ते डॉक्टरने शांतपणे लिहावं, असा त्यामागचा उदात्त हेतू होता. कारणांचा हा सगळा गठ्ठा शुक्रवारी रेलीनच्या पडद्यावर येई, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला शिंपल्यांचा गरम पाय, म्हणजे खारीच्या पापुद्र्यात भरलेलं सारण, खात खात ती तो वाचे. लेखकाला वाचकांची पत्रं येतात, तसं हे तिचं टपाल. कुणी लिहायचं 'ठीक'. कुणी नुसती दोन टिंबं. हाडांचे डॉक्टर : 'हो हो हो'. एक नवी पोरगी रोज लिहायची, 'माहीत आहे मला'. फुटबॉलचा सामना असला की सोमवारी सगळ्या वॉर्डांतून जिंकलेल्या संघाचं नाव, आणि हरला तर जे यायचं ते इथे सांगण्यासारखं नाही. फर्गस नेटलफोल्ड मात्र वर्षानुवर्षं एकच शब्द लिहायचा : 'बिस्किट'.

बिस्किट त्याची लॅब्राडोर कुत्री. रेलीनला हे ठाऊक होतं. एवढ्या पत्रांत नावाची सही असल्यासारखं तेवढं एकच होतं, म्हणून तिला त्याचं अप्रूपही होतं. 'आज बिस्किटचा दिवस जोरात दिसतोय,' ती मनाशी म्हणायची आणि पायचा पुढचा घास घ्यायची.

हे सगळं लेखिकेला कडू वाटत नसेल, असं नाही. पण रेलीनचा स्वभाव चिवट. वर कुठे काही बिनसलं, की खाली ती एक नवी चौकट लिहायची. कुणाला चक्कर आली, चौकट. कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, चौकट. मुंबईतल्या सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात पाट्या लावतो, तशा तिने हळूहळू सगळ्या हॉस्पिटलभर पाट्या लावल्या. नव्वदीच्या आजीला गोळी लिहिली, तरी एक चौकट विचारायची, बाई गरोदर तर नाहीत ना? ती चौकट रेलीनची नव्हती, कॉम्प्युटरबरोबर आयती आलेली होती. पण तिने ती काढलीही नव्हती. असू दे, उगाच कशाला जोखीम, असं म्हणून.

आणि मग एनिड क्यूबिट आजारी पडली.

एनिड वरच्या डोंगरातली म्हातारी. सांधे धरले होते म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यायची. लघवीला जळजळ होते म्हणून हॉस्पिटलात आली, आणि तिला ट्रायमेथोप्रिम लिहून दिलं गेलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी गुणी. एकत्र आली, की शरीरातला रक्त तयार करायचा कारखानाच बंद पाडतात. घरी गेली, तोंड आतून सोललं, अंगावर काळेनिळे डाग उठले, ताप चढला. शेजाऱ्याने उचलून परत आणली तेव्हा वॉर्डातल्या नर्सेस तिच्याकडे बघून हळू बोलायला लागल्या.

रेलीनने जुनी नोंद उघडली. आपण चौकट लिहायची विसरलो असू तर? चौकट होती. ठरल्या जागी, ठरल्या वेळी, पिवळीधमक उगवली होती, एका मागोमाग उगवलेल्या बऱ्याच चौकटींच्या मधोमध. आणि तिच्याखाली कारण लिहिलेलं होतं : 'बिस्किट'.

बाहेरून कुत्र्याचे केस लागलेले बूट गेले. नेहमीपेक्षा हळू.

एनिडचा ताप उतरला असं कळल्यावर रेलीन वर गेली. कित्येक वर्षांत ती वॉर्डात गेली नव्हती. तोंडाला लागणार नाही अशी थंड जेली तिने करून नेली होती, डब्यावर चिठ्ठी लावून.

"कोण गं तू?" एनिड म्हणाली. म्हातारी चादरीत चिमणीएवढी उरली होती, पण आवाज शाबूत होता. "रक्त काढायला आली असशील तर उलट्या पावली जा. माझ्यात आता नुसता चहा उरलाय."

"नाही हो. मी खाली काम करते."

"धोबीखान्यात? बरं झालं भेटलीस. या चादरीला मागच्या पेशंटचा वास येतोय."

"धोबीखान्याच्या शेजारी. मी… लिहिते."

"पुस्तकं?"

"नाही. डॉक्टर औषध देताना चुकत असला, तर पडद्यावर एक सूचना येते. ती."

एनिडने जेलीचा चमचा तोंडात धरून ठेवला, हळूच गिळला. "मग माझ्या वेळी आली नव्हती?"

"आली होती."

"मग?"

रेलीन चादरीचा कोपरा सारखा करत राहिली. एनिडने तिच्याकडे नीट बघितलं, आणि रागावण्याऐवजी विचारलं, "रोज किती देतेस गं असल्या सूचना?"

"खूप."

"माझ्याकडे गूज आहेत," एनिड म्हणाली. "मोठे पांढरे हंस असतात ना तसे. लोक म्हणतात गूज राखण करतात. करतात कसली! टपालवाला आला, बोंब. ढग आला, बोंब. स्वतःचंच अंडं दिसलं तरी बोंब. कोल्हा आला त्या दिवशी ते असेच ओरडत होते, आणि मी आत शांतपणे बटाटे सोलत होते. माझं कुत्रं होतं, ते वर्षातून एकदा भुंकायचं. ते भुंकलं की मी चूल तशीच टाकून पळायची." तिने चमचा परत डब्यात टाकला. "तू माझ्या गूजसारखी झालीस, पोरी. तुझा आवाज काही वाईट नाही. पण वाचतं का कुणी?"

वाचतं का कुणी. इतक्या वर्षांत रेलीनला हा प्रश्न तोंडावर कुणी विचारला नव्हता. लिन्डसेनेही नाही, त्याने उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कॉम्प्युटर उघडेना. तिने कॉम्प्युटरवाल्या डेस हिंग्स्टनला बोलावलं. डेस बॉयलरपलीकडच्या खोलीत बसायचा. त्याच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती, त्यामुळे रेलीन त्याला श्रीमंत वाटायची.

"रेली, पासवर्ड संपलाय तुझा," डेस म्हणाला. "महिनाभर सांगतोय."

"मला? कधी?"

"रोज सकाळी. निळी चौकट येते. मी स्वतः लिहिलीय. दोन वेळा भाषा बदलली. शेवटी 'कृपया' पण घातलं."

"मला नाही आली."

डेसने सोबत आणलेल्या यंत्रावर काहीतरी उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "ही बघ. रोज बंद केलीस. कारण लिहावं लागतं ना माझ्याही चौकटीत? हे तुझं कारण."

पडद्यावर ओळीने लिहिलेलं होतं : 'पाय. पाय. पाय.' शुक्रवारी 'शिंपल्यांचा पाय'.

रेलीनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डेस हसला नाही. "मला वाटायचं, हा काहीतरी निरोप आहे," तो म्हणाला. "एकदा मी तुझ्यासाठी पाय आणलाही होता. तू जेवायला गेली होतीस, मग मीच खाल्ला."

त्या सकाळपासून रेलीन आपलं लिखाण काढून टाकायला लागली.

हे सांगायला सोपं. लेखकाला स्वतःचं एक वाक्य खोडायला सांगा, तो दहा वाक्यांत कारण सांगेल का खोडू नये त्याचं. आणि रेलीनच्या दर चौकटीमागे एक माणूस होतं. ही तळ्याकाठच्या मासेमाराची, जो रक्तदाबाच्या गोळीवर गोळी घेऊन होडीतच आडवा झाला. ही शाळेतल्या स्वयंपाकीण बाईची. ही कुणाची ते तिला आठवेना, फक्त त्या रात्री आपण घरी येऊन लिन्डसेशी न बोलता बसून राहिलो होतो, एवढं आठवलं. ती एकेक वाक्य वाचायची, मोठ्याने वाचायची, आणि काढायची. ज्यात थोडंफार तथ्य होतं ते पडद्याच्या कडेला, बारीक अक्षरात सरकवायची. फार्मासिस्टने सवडीने बघावं म्हणून. गरोदर आज्या आधी गेल्या. मधोमध उभं राहून वाट अडवायचा अधिकार तिने उरवला तो फक्त जीव घेणाऱ्या जोड्यांना. अशा जोड्या निघाल्या मूठभर.

आणि वाट अडवणाऱ्या चौकटीतून तिने कारण लिहायची जागाच काढली. दोनच बटणं ठेवली. 'औषध बदला' आणि 'तरीही द्या'.

पण हे सगळं तिच्या यंत्रावर. वॉर्डांत न्यायचं तर औषध सुरक्षा समितीची सही हवी. समितीच्या सभेला येणाऱ्याने खाण्याची एक बशी आणायची, हा रिवाज. एनिडच्या प्रकरणावर ही सभा होती, त्यामुळे बशा आल्या होत्या, पण हात कुणी लावत नव्हतं. रेलीनचे लिंबाचे स्लाइस उघडेच पडले होते. लिंबाचे स्लाइस म्हणजे खाली बिस्किटाचा चुरा, वर आंबटगोड थर, कापून वड्या केलेल्या. एरवी या सभेत ते पहिल्या मिनिटाला संपायचे.

फर्गस नेटलफोल्ड अंगाने मोठा, एरवी खुर्चीत न मावणारा माणूस, त्या दिवशी तीत सहज मावला. तोच पहिल्यांदा बोलला. "चौकट लाल करा," तो म्हणाला. "दुप्पट मोठी करा. भोंगा लावा हवं तर. मला ओरडून सांगायला हवं होतं."

"फर्गस," रेलीन म्हणाली, "मी ओरडतच होते."

मग तिने आपला बेत सांगितला. ऐकता ऐकता अध्यक्षांच्या भुवया वर चढत गेल्या. अध्यक्ष गोड माणूस, त्यांचं अर्धं आयुष्य कुठल्याच कागदावर आपली सही एकटी पडू नये या खटपटीत गेलं होतं.

"म्हणजे अपघात झाल्यावर आपण सूचना कमी करायच्या?" ते म्हणाले. "रेलीन, तुझे स्लाइस उत्तम असतात, त्याबद्दल समितीत दुमत नाही. पण तू काढलेल्या सूचनेतलंच उद्या काही घडलं, तर?"

"तर ते माझ्यावर."

"तसं म्हणायला सोपं असतं गं."

"सोपं नाहीये," रेलीन म्हणाली. "मी एकेक वाचून काढलीय. मला झोप नाही. पण उद्या आणखी एक एनिड येईल, आणि तिच्या वेळी माझं एकच वाक्य कुणीतरी वाचायला हवंय. शंभरांतलं एक कुणी वाचत नाही. मी पण वाचत नाही. डेसला विचारा."

फर्गस टेबलाकडे बघत होता. "मी काय लिहिलं होतं, तुला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"बिस्किट जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "बुटांवरचे केस अजून तिचेच आहेत, झटकवत नाहीत. बोटांना सवय आहे. दिवसातून पन्नास वेळा तिचं नाव लिहितो आणि समोर काय होतं ते बघतही नाही."

मग त्याने कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि टेबलावरून रेलीनकडे सरकवलं. अध्यक्षांनी छताकडे बघून मान डोलावली. रेलीनने सही केली. तिच्या एकटीची. जाताना फर्गसने लिंबाचा एक स्लाइस उचलला, आणि मग सगळ्यांनीच उचलले.

त्यानंतर जी शांतता पसरली, तिची कल्पना रेलीनने केली नव्हती.

शुक्रवार आला. तिने पाय आणला, पडदा उघडला. टपाल नाही. 'हो हो हो' नाही, 'माहीत आहे मला' नाही, बिस्किट नाही. चौकटींबरोबर कारणंही गेली होती. इतकी वर्षं तिच्या डोक्यावर शिव्या पडत होत्या हे खरं. पण डोक्यावर कुणी चालत असलं, की निदान वर माणसं राहतात एवढं कळतं. फुटबॉल कोण जिंकलं ते तिला डेसला विचारावं लागलं. बॉयलर घरघरत होता. सीगलसुद्धा यायचा बंद झाला; बहुधा बाहेर मासळीच्या दुकानाने नवी जागा धरली असावी.

घरी फ्रीजरचं झाकण उघडलं, की धुकं वर यायचं आणि चिठ्ठ्या दिसायच्या. 'मटण. मीठ कमी.' ती झाकण लावून टाकायची.

आणि भीती होतीच. वॉर्डातून कुठली बातमी आली, कुणाला घाईने मोठ्या हॉस्पिटलात हलवलं असं कानावर आलं, की ती जिन्यात थांबून राहायची. माझ्या खोडलेल्यांतलं असेल तर? प्रत्येक वेळी वेगळंच काही असायचं. कुणी शिडीवरून पडलेलं, कुणी ट्रॅक्टरखाली आलेलं. दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडाने आपल्याला हायसं वाटतं, याचीही तिला लाज वाटायची.

असे दिवस चालले असताना एका सकाळी, ती कोट काढून ठेवत होती तेव्हा फोन वाजला.

"हॅलो, तुम्ही धोबीखाना तर नाही ना?" आवाज थकलेला, तरुण, चिडलेला.

"नाही. शेजारी."

"देवा, मिळालात एकदाच्या. मी डॉक्टर विक्रमनायके, डिलिनी, इमर्जन्सीतून. ते तुम्ही लिहिलंय ना, 'शंका असल्यास खाली फोन करा'? खाली म्हणजे कुठे? नंबर आहे, पण शेवटचा आकडा इथे पडद्यावर कापला जातोय. मी अंदाजाने लावला तर एका बाईंनी उशांचे अभ्रे किती हवेत ते विचारलं. मी म्हटलं बाई, माझ्यासमोर पेशंट आहे. तर म्हणाल्या, मग त्यालाही एक उशी लागेल."

"ती मेव्हिस," रेलीन म्हणाली. "काय झालंय?"

"बटाट्याची शेती करणारे आजोबा आहेत, अॅथल स्टबिंग्ज. लघवीचं इन्फेक्शन. मी ट्रायमेथोप्रिम लिहिलं, तर पडद्यावर तुमची चौकट. मेथोट्रेक्सेट घेतात म्हणे. आजोबांना विचारलं तर म्हणाले, नाही, मी काही घेत नाही. मग मी पुन्हा विचारलं, सांध्यांसाठी काही? तर म्हणाले, ती पिवळी गोळी होय, ती औषध थोडीच आहे, ती रविवारी घ्यायची असते."

"आणि?"

"आणि काय, बदललं. पण तुम्ही म्हणता दुसरं द्या, आणि कुठलं द्या ते सांगत नाही. माझी रात्रपाळी संपतेय, डोकं चालत नाहीये. सेफॅलेक्सिन देऊ? पेनिसिलिनची अॅलर्जी नाही त्यांना."

"किडनी कशी आहे?"

"ठीक आहे. आत्ताच रिपोर्ट बघितला."

"मग द्या."

"बरं. थँक्यू." ती फोन ठेवणार होती.

"डॉक्टर," रेलीन घाईने म्हणाली, "तुम्ही… ते वाक्य वाचलंत?"

"हो. का? वाचायचं नव्हतं?"

"नाही, नाही. वाचायचंच होतं."

"मधेच अचानक आलं ना. एरवी काहीच येत नाही, म्हणून दचकले," डिलिनी म्हणाली. मग जरा मऊ होऊन, "चांगलं लिहिलंय. लहान आहे. फक्त तो नंबर नीट करा, आणि नाव घाला ना खाली. 'खाली फोन करा' म्हणजे काय, विहिरीत ओरडल्यासारखं वाटतं."

फोन ठेवल्यावर रेलीन कोट हातात धरून तशीच उभी राहिली. खिडकीतून बूट येत-जात होते. थोड्या वेळाने तिने डेसला बोलावून नंबर दुरुस्त करून घेतला, आणि त्याच्यासमोरच चौकटीच्या तळाशी एक शब्द वाढवला. डेसने वाकून वाचला आणि म्हणाला, "शोभतं."

हे कुणाला तरी सांगावं असं तिला दिवसभर वाटत राहिलं. ज्याला सांगायचं तो नव्हता. रविवारी तिने फ्रीजरमधून एक डबा काढला आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला न घालता किनाऱ्याच्या रस्त्याला घातली, कारण एनिड आता डोंगरात राहत नव्हती. जीव वाचला होता, पण पायांत जोर आला नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं, आणि गूज शेजाऱ्याने नेले होते.

एनिड खिडकीशी बसली होती. "कोण गं तू?" तिने विचारलं. "रक्त काढायला आलीस?"

"नाही. मी रेलीन. मी खाली लिहिते. हॉस्पिटलात."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. ओळख पटली की नाही, ते रेलीनला शेवटपर्यंत कळलं नाही. "वाचतं का कुणी?" एनिड म्हणाली.

"एकीने वाचलं."

"काय वाचलं? म्हणून दाखव बघू."

रेलीनने आजवर कुणाला आपलं वाक्य म्हणून दाखवलं नव्हतं. तिने डबा मांडीवर ठेवला, घसा साफ केला. "हे पेशंट मेथोट्रेक्सेट घेतात," ती म्हणाली. "ट्रायमेथोप्रिम दिलंत, तर यांचं रक्त बनायचं थांबेल. दुसरं औषध द्या. शंका असल्यास मला फोन करा. रेलीन."

"संपलं?"

"संपलं."

"कळलं मला," एनिड म्हणाली. मग तिने रेलीनच्या मांडीवरचा डबा हात लांब करून घेतला, डोळ्यांशी नेला, आणि त्यावरची चिठ्ठी सावकाश, अक्षर अन् अक्षर वाचली. "मीठ कमी आहे म्हणतेस," ती म्हणाली. "मग मीठ आण की जरा. आणि चमचे दोन."